कोसेआबांची शेवटची खेप

सकाळी सव्वानऊ वाजता, पहिली खेप माथ्यावर पोचलेली आणि दुसऱ्या खेपेचं ओझं अजून फांदीला लोंबत असताना, कोसेआबा गेले.

त्या राज्यात सगळं पाठीवरून जायचं. धान्य, मीठ, दगड, पाणी, लग्नातल्या नवरीची पेटी, सगळं. खाली नदीकाठी ओझेकऱ्यांची वस्ती होती आणि वर घाटमाथ्यावर कोठी होती. कोठीत घुशी राहत. मधे अकरा वळणांचा घाट. बैल लाकडं ओढायचे, रेडे पखालींतून पाणी न्यायचे आणि उरलेलं सगळं गाढवं वाहायची. उरलेलंच जास्त असायचं. ओझं एकट्यानं उचलायची तिथं रीत नव्हती. दोन दांड्या, चार पाठी आणि मधे ओझं. चौघांतला एक अडखळला की बाकीच्या तिघांना आपोआप कळायचं.

कोसेआबा म्हणजे मातकट रंगाचा एक बैल. ते पुढे राज्याचे पुढारी झाले, पण राहायला माथ्यावर गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वर वारा फार. इथं बरं आहे." घाटाच्या तोंडाशी एक जुनी बाभूळ होती, तिची एक जाड फांदी आडवी गेलेली होती आणि फांदीच्या शेजारी उभा कातळ. त्या कातळावर आबांनी एक खूण खोदून घेतली होती. ती खूण मिळवायला त्यांना किती वर्षं लागली आणि घुशींशी किती भांडावं लागलं ते ओझेकऱ्यांच्या घराघरांत सांगितलं जायचं. वर जाणारं प्रत्येक ओझं आधी त्या फांदीला टांगायचं. फांदी वाकून खुणेच्या खाली गेली की ओझं कमी करायचं, मग ते कुणाचंही असो. खुणेच्या आधी असं काही नव्हतं. तेव्हा ओझं किती, तर पाठ मोडेल इतकं. आणि पाठ मोडली की कळायचं, जास्त झालं.

आबांनी अजून एक गोष्ट करून घेतली होती. ज्या आईच्या अंगावर पोर पितंय, तिला ओझं नाही. वैरण मात्र इतरांसारखीच.

भुरकी नावाची एक गाढवी त्या दिवसांत याच नियमाखाली घरी होती. तिची टिकली पाच महिन्यांची. कपाळावर पांढरा ठिपका, पायांच्या काड्या आणि सारखी भूक. पहिलटकरणीचा जीव कसा असतो, तसा भुरकीचा होता. टिकली शिंकली तरी ही उठून उभी राहायची. टिकली झोपली की हिला वाटायचं, फारच गाढ झोपली. आणि नाही झोपली की वाटायचं, काहीतरी दुखत असणार. शेजारची कोंडामावशी म्हणायची, "अगं, गाढवाचं पोर आहे ते. काचेचं नाही." भुरकी मान हलवायची आणि पुन्हा टिकलीचं नाक हुंगून बघायची.

त्या सकाळी ती नदीवरून परत येत होती. बाभळीपाशी सगळे उभे होते. फांदीला मिठाच्या गोणी तशाच लोंबत होत्या. त्या उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. एवढ्यावरून तिला कळलं.

वस्तीत ओझेकऱ्यांचे तीन संघ होते. बैलांच्या संघाचे शिवळे, वयानं मोठे आणि बोलायला कमी. रेड्यांच्या संघाचे शिंगाडे, आवाजानं मोठे. गाढवांच्या संघाचे कानतुटे. त्यांचा डावा कान एका जुन्या संपात तुटला होता आणि सभेत ते नेहमी डावी बाजू पुढं करून उभे राहत.

शिवळ्यांनी सांगितलं, आज काम बंद. एक दिवस.

हे योग्यच होतं. पण दुपारपर्यंत रेड्यांनी दोन दिवस जाहीर केले. शिंगाडे म्हणाले, "आमचं दुःख काळं आहे म्हणून ते कुणाला दिसत नाही का?" मग गाढवांची सभा बसली. कानतुटे म्हणाले, "रेडे दोन दिवस पाळणार आणि आपण एक? आबा आपले कुणी नव्हते काय? उद्या पाणवठ्यावर तोंड कुठं दाखवायचं?" गाढवांनी तीन दिवस ठरवले. ते ऐकून रेड्यांनीही तीन केले, आणि बैलांना मागं राहता येईना.

कोंडामावशी दारातून ओरडली, "मेल्यांनो, रडायचीसुद्धा शर्यत लावलीत होय?"

पण ती ओरडतच असायची, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

वर कोठीत तीन दिवसांनी काही बिघडणार नव्हतं. कोठी भरलेली होती. बिघडणार होतं ते खाली. वस्तीची वैरण माथ्यावरच्या रानातून यायची, उतरत्या खेपेबरोबर. खेप नाही तर वैरण नाही. मोठी जनावरं तीन दिवस उपाशी राहू शकतात आणि शोकात तसं राहावंही. भुरकीनंही पहिला दिवस तसाच काढला. आबांसाठी तिला खरंच रडू येत होतं. तिची आई घाटात गेली होती, आणि तेव्हा आबा तिथं होते, एवढं तिला मोठ्यांकडून माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टिकली दोनदा पिऊन तिसऱ्यांदा ढुशा द्यायला लागली, आणि भुरकीच्या लक्षात आलं की दूध उतरत नाही.

नदीच्या काठाला हिरव्या गवताचा एक पट्टा होता. लहान पोरांना आणि त्यांच्या आयांना लागेल तेव्हा असावा म्हणून राखलेला. भुरकी टिकलीला घेऊन तिकडे निघाली. वाटेत तिला गवताचे भारे वाहणारे पाच-सहा गाढव भेटले.

"अहो, हे कुठं नेताय?"

"हारांना," एक जण म्हणाला. "आपला हार सगळ्यांत मोठा व्हायला पाहिजे. रेड्यांनी ज्वारीची कणसं लावलीत त्यांच्या हाराला."

"पण हे पोरांचं..."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, वहिनी. गवत काय, परत येतं. आबा परत येणार आहेत का?"

भुरकी तरीही पट्ट्यावर जाऊन आली. तिथं नुसती खुंटं होती. टिकलीनं एक खुंट चावून पाहिलं आणि थुंकलं.

हारांचं असं होतं. ओझेकऱ्यांत कुणी मेलं की तिरडीवर प्रत्येकानं गवताची एक काडी ठेवायची, ही फार जुनी चाल होती. काडी ठेवताना मनात म्हणायचं, माझ्या पाठीवरचं एवढं तुझ्याबरोबर ने. मग तिरडी चौघांनी उचलायची आणि घाट चढून माथ्यावरच्या माळावर न्यायची. वरची ती एवढीच जागा घुशींची नव्हती. या जाण्याला शेवटची खेप म्हणत.

आता एकेकानं काडी ठेवायची तर संघ काय कामाचा? म्हणून संघांनी हार केले. बैलांच्या हारात उसाचे वाढे होते. रेड्यांच्या हारात कणसं. गाढवांचा हार हिरवागार आणि इतका लांब की तिरडीला सात वेढे बसले. मग रेड्यांना वाटलं, हार काय, सुकून जाईल, काहीतरी टिकाऊ हवं. त्यांनी नदीतली एक शिळा आणून तिरडीवर आबांच्या पायाशी ठेवली. तिच्यावर शिंगाडे आणि त्यांच्या कार्यकारिणीची नावं खोदलेली होती. गाढवांनी दोन शिळा आणल्या. बैलांनी एक घंटा आणली, पितळेची, रांजणाएवढी. ओझेकऱ्यांना दुःख झालं की ते वजनात दाखवायची सवय. दुसरं काही मोजायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तिरडी निघायची होती. अकराच्या सुमाराला सगळी वस्ती बाभळीपाशी जमली. तिरडीला दोर लावले. वर जाणारं ओझं होतं, म्हणून रीतीप्रमाणे फांदीला टांगलं.

फांदी कुरकुरली. वाकली. खुणेपाशी आली आणि न थांबता खाली गेली. खुणेच्या खाली चांगली हातभर जाऊन ती थांबली.

सगळ्यांनी एकदा कातळाकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे.

"घंटा काढा," शिंगाडे म्हणाले.

"शिळा काढा," बैलांतून कुणीतरी म्हणालं.

"आमची का? गाढवांच्या तर दोन आहेत!"

कानतुट्यांनी डावी बाजू पुढं केली. "आमच्या हाराला कुणी तोंड लावलं तर याद राखा. आबांवरून उतरवायची भाषा करता? लाज नाही वाटत?"

ही लाजेची गोष्ट निघाली आणि मग कुणालाच पुढं होता येईना. ऊन वाढत चाललं. आबांवर माश्या बसायला लागल्या. चार चांगल्या पाठीची गाढवं निवडून ठेवलेली होती, ती एकदा फांदीकडे आणि एकदा घाटाकडे बघत उभी होती. तेवढ्यात वरून मेणा आला. काम बंद होतं खरं, पण शोकाला येणाऱ्याला आणणं हे काम धरलं जात नव्हतं, म्हणून कोठीचे कारभारी चौघांच्या पाठीवर बसून आले.

कारभारी घूस गोल अंगाची, मऊ आवाजाची. त्यांनी आधी आबांना नमस्कार केला. डोळे पुसले. मग सगळी हकिगत ऐकून घेतली आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

"आम्ही काय बोलणार? दुःख तुमचं," ते म्हणाले. "पण मला विचाराल, तर काहीच उतरवू नका. एवढ्या प्रेमानं वाहिलेलं कुणी उतरवतं का? आजचा दिवस न्या असंच."

"पण खूण?" शिवळे म्हणाले.

"खूण आहेच की. तिला कोण हात लावतंय? तिच्याखाली हातभर अंतरावर अजून एक खूण करून ठेवू. शोकाची म्हणून. म्हणजे उद्या कुणी असं म्हणायला नको की आबांच्या तिरडीनंच आबांचा नियम मोडला. खूण पुसायची नाही, बाबांनो. तिला नुसती एक शेजारीण द्यायची."

शेजारीण हा शब्द सगळ्यांना बरा वाटला. शिंगाड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कानतुटे म्हणाले की आबांसाठी एवढंही करता आलं नाही तर आपण कसले ओझेकरी. कारभाऱ्यांनी खुणेनं बोलावलं आणि मेण्यामागून एक साळिंदर टाकी-हातोडा घेऊन पुढं आलं. ते कुठल्याच संघात नव्हतं, त्यामुळे त्याला सुतक नव्हतं.

भुरकी गर्दीच्या कडेला होती. टिकली तिच्या पोटाखाली घुसून रिकामंच ओढत होती. भुरकीला राजकारण कळत नव्हतं. पण एक गोष्ट तिला कळत होती, कारण ती रोज रात्री तेच मोजत पडायची: टिकली दीड वर्षाची झाली की दांडीखाली जाणार. तेव्हा फांदी कुठपर्यंत वाकलेली चालेल, ते आज ठरत होतं. दगडावर एकदा खोदलेलं परत भरून येत नाही. शोक संपेल, हार सुकतील, आबांचं नाव कधीतरी पोरांना सांगावं लागेल. पण खालची खूण तिथंच असेल आणि मिठाच्या गोणी टांगणारा म्हणेल, अहो, ही पण खूणच की.

"मावशी," ती कोंडामावशीच्या कानाशी म्हणाली, "ती खूण राहील ना गं मग?"

"राहील नाही तर काय? कातळ आहे तो."

"मग कुणीतरी बोलायला पाहिजे."

"गप्प राहा. तुझी खेप नाही, तुला मत नाही. पोर अंगावर असलेल्यांना सभेत बोलू देत नाहीत, माहीत आहे ना? आणि आज बोललीस तर आयुष्यभर म्हणतील, ही बघा, आबांच्या मयताला भांडलेली."

हे खरं होतं. भुरकीनं खाली मान घातली. साळिंदरानं कातळाला पाठ लावून जागा नक्की केली, टाकी ठेवली आणि पहिला घाव घातला. ठण्णकन आवाज झाला. टिकली त्या आवाजानं दचकली आणि आईच्या पायांत शिरली.

भुरकी चालायला लागली. तिनं ठरवलं वगैरे काही नव्हतं. पाय निघाले. ती गर्दीतून वाट काढत तिरडीपर्यंत गेली, गाढवांच्या हाराचं टोक दातांत धरलं आणि ओढलं.

एक वेढा सुटून खाली पडला.

मग जो गलका झाला, तसा त्या वस्तीत आधी झाला नव्हता. "अगं, अगं!" "धरा तिला!" "हिला भूक लागली म्हणून हिनं आबांचा हार ओढावा?" आणि सगळ्यांच्या वर कानतुट्यांचा आवाज, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी! आपल्याच संघातली! आपल्याच!"

भुरकीच्या तोंडात गवत होतं. गवत हिरवं होतं आणि तिच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. तिनं ते गिळलं नाही, खाली ठेवलं.

"मी खात नाहीये," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू येईना इतका बारीक. "उतरवतेय."

आणि तिनं दुसरा वेढा धरला.

दोन जवान गाढव तिला अडवायला पुढं झाले. त्यांच्या आणि तिच्यामध्ये कोंडामावशी येऊन उभी राहिली. ती कधी चालत आली कुणी पाहिलं नव्हतं. तिचे गुडघे गेलेले होते, तिला चार पावलंही जड जायची.

"हात तर लावा," मावशी म्हणाली. "कानतुटे, तुला मी बोट धरून घाट शिकवला. तेव्हा तुला दोन कान होते, पण ऐकायला तेव्हाही कमीच यायचं. आता एका कानानं ऐक. हिची आई माझ्या चौघींतली. सहाव्या वळणावर तिची कंबर बसली. पोटुशी होती. आम्हा तिघींना दांडी सोडता येईना, सोडली तर ओझं तिच्यावर पडलं असतं. ओरडलो. पुढचे चालत राहिले, मागचे थांबून राहिले. ओझ्यात माथ्यावरच्या देवाची मूर्ती होती. देवाला खाली कोण टाकणार? हा कोसा तेव्हा उतरत होता. पोरगेला. कुणी नाव पण ऐकलेलं नव्हतं. त्यानं शिंग घातलं आणि देव दरीत ढकलला."

पुढं झालेले दोघे जवान एक पाऊल मागं सरले.

"आई गेली ती गेलीच. ही तिच्या पोटातून जिती निघाली. कोशाला त्याबद्दल चौदा महिने दावणीला बांधून ठेवला होता वर. तिथून सुटला आणि ही खूण मागत हिंडायला लागला." मावशीनं दम घेतला. "त्यानं देव उतरवला रे. तुम्हाला तुमच्या नावाचे धोंडे उतरवत नाहीत?"

कारभारी खाकरले. काहीतरी मऊ बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण मधेच साळिंदर म्हणालं, "मी दुसरा घाव घालू का नको? माझा खोळंबा होतोय."

ते सगळ्यांकडे बघत होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं. भुरकीनं दुसरा वेढा सोडवला होता आणि तिसऱ्याशी झटत होती. तो तिला सुटत नव्हता. गाठ रेड्यांच्या शिळेखाली अडकली होती.

"थांब," शिवळे म्हणाले.

ते पुढं आले. त्यांनी आपली घंटा आधी काढली. शिंग अडकवून, हळूच, वाजू न देता. मग ते शिंगाड्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. शिंगाडे आपल्या शिळेकडे बघत होते. त्यांच्या शिळेवर त्यांचं नाव सगळ्यांत वर होतं, आणि अक्षर चांगलं आलं होतं. शेवटी त्यांनी डोकं लावलं आणि शिळा खाली लोटली. ती गवतावर पडली, त्यामुळे आवाज झाला नाही.

कानतुटे काही उतरवायला पुढं आले नाहीत. पण त्यांनी कुणाला अडवलंही नाही. ते पाठ फिरवून नदीकडे बघत उभे राहिले, उजवी बाजू लोकांकडे करून.

एकेक गोष्ट निघत गेली तशी फांदी वर येत गेली. खुणेच्या खालून खुणेपाशी आली. तरी ते थांबले नाहीत. उसाचे वाढे काढले, कणसं काढली, शेवटचे वेढे काढले. सगळं निघाल्यावर आबा दिसले.

तीन दिवसांत त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं. केवढेसे झाले होते! बरगड्या आत, मानेवरचा जुवाचा घट्टा तेवढा मोठा. फांदी खुणेच्या वर चार बोटं राहिली होती. राज्यभर ज्यांचं नाव होतं त्यांचं ओझं नेहमीच्या ओझ्यापेक्षा कमी भरत होतं. हे बघून मग सगळे खरे रडले. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणी कुणाकडे बघून रडत नव्हतं.

कारभारी साळिंदराला घेऊन मेण्याकडे गेले. जाताना कातळावरच्या त्या एका घावाकडे बघून म्हणाले, "असू दे तेवढा. कधी लागलाच तर." मेण्याचे चौघे तिरडीपाशी जाऊन उभे राहिले होते. कारभाऱ्यांना थांबावं लागलं.

तिरडी खाली घेतली. मग जुन्या चालीप्रमाणे सगळ्यांनी एकेक काडी ठेवली. त्याला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. भुरकीनं आपली काडी ठेवली आणि दांडीकडे वळली. तिला वाटलं होतं की एक पाठ आपली असावी. तिनं खांदा लावलाही.

"तू नाही," शिवळे म्हणाले.

"का? आबांची शेवटची खेप आहे."

"म्हणूनच. पोर अंगावर आहे तुझ्या. मागं हो."

तिला राग आला, आणि रागात हसूही आलं. ती बाजूला झाली. चार गाढवांनी दांड्या उचलल्या, तिरडी घाटाला लागली, तिच्यामागे बैल, त्यांच्यामागे रेडे, मग गाढवं, आणि सगळ्यांत शेवटी पोरं असलेल्या आया.

पहिल्या वळणाशी भुरकीनं मागं पाहिलं. टिकली बरोबर नव्हती. ती उलटी पळाली.

टिकली बाभळीखाली होती. हारांच्या ढिगात गुडघ्यापर्यंत उभी राहून ती खात होती. डोळे मिटून, कान पाडून, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी गवत बाहेर आलेलं. तिच्या शेजारी एक वासरू उसाच्या वाढ्याला भिडलं होतं. दोन रेडकं एकाच कणसासाठी डोकी लावत होती. अजून पोरं येत होती, एकेक, रांगेतून निसटून. त्यांच्या आया वळणाशी थांबल्या होत्या. हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण हाक कुणी मारत नव्हतं. शिळा कडेला पालथ्या पडल्या होत्या. एक शिंगरू त्यांतल्या एकीवर पुढचे पाय ठेवून वरचा हार ओढत होतं.

कानतुटे तिथंच होते. ते मिरवणुकीबरोबर गेले नव्हते. त्यांनी पोरांकडे बघितलं, मग हाराकडे. त्या हाराचा शेवटचा वेढा त्यांनी स्वतः गुंफला होता. पुढं होऊन त्यांनी गाठ दातांनी सोडवली आणि हार पोरांना पोचेल असा पसरून दिला. वर न बघता म्हणाले, "सावकाश खा रे. ठसका लागेल."

घाटात वर तिरडी दुसऱ्या वळणाला लागलेली दिसत होती. मागची रांग तुटत चालली होती. भुरकी धावत पहिल्या वळणावर आली. तिच्यापुढं रांगेत मागं पडलेला एक म्हातारा रेडा चालला होता. तिनं त्याला गाठलं. धाप लागली होती, तरी बोलली:

"दादा, पुढच्याला सांगा, जरा हळू चाला म्हणावं. मागं पोरं खातायत. आणि त्यालाही म्हणावं, त्याच्या पुढच्याला सांग."